सिक्वेन्स लॉक झालीय? आधी ती कोणी धरलीय ते बघा

या वेळी आलेल्या बऱ्याच पत्रांचा विषय एकच आहे, एचपीएलसीचा (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणारं लॅबचं यंत्र) ऑटोसॅम्पलर, म्हणजे व्हायलमधून (छोट्या बाटल्यांमधून) सॅम्पल आपोआप घेणारा भाग, भरून ठेवलाय, मोबाइल फेज, म्हणजे यंत्रातून वाहणारं द्रावण, तयार आहे आणि सॉफ्टवेअर सिक्वेन्सला (कुठलं सॅम्पल कधी मारायचं त्या ओळींची यादी) हात लावू देत नाही. म्हणून बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून आज फक्त यावरच लिहिते. पहिल्या पत्राला जरा लांब उत्तर दिलंय कारण त्यात जवळजवळ सगळंच येतं.

प्रश्न : मॅडम नमस्कार, मी बोईसरला एका फॉर्म्युलेशन (तयार औषधं बनवणाऱ्या) कंपनीत क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणीत आहे, दीड वर्ष झालं. परवा नाइटला स्टॅबिलिटीची (औषध किती काळ टिकतं त्या चाचणीची) सिक्वेन्स लावली होती, क्रोमेलिऑन सॉफ्टवेअरवर, एकूण ३८ इंजेक्शनं. अडीचच्या सुमारास लाइट गेली, यूपीएसच्या बॅटरीने पण दगा दिला, पंप, ऑटोसॅम्पलर, बाजूचा पीसी सगळंच बंद. लाइट आल्यावर मी दुसऱ्या टेबलवरच्या पीसीवरून सिक्वेन्स उघडली तर १७ इंजेक्शनं पूर्ण, १८ वं अजून रनिंग दाखवतंय आणि पुढच्या ओळींमध्ये काहीच टाइप होत नाही, लॉक. सिनियर फोनवर म्हणाले सेव्ह अॅज कर, नवीन नाव दे, उरलेली इंजेक्शनं लाव, जुनी तशीच सोडून दे. मला ते पटलं नाही, मी सकाळपर्यंत थांबलो आणि त्यावरून बोलणी खाल्ली. माझं चुकलं का? आणि नक्की काय करायला हवं होतं?

उत्तर : तुमचं चुकलं नाही, हे आधी सांगते, आणि पुढचं वाचून झाल्यावर ते तुमच्या सिनियरनाही पटेल असं मला वाटतं. त्यांचा हेतू वाईट नव्हता, स्टॅबिलिटीचं पुल-आउट (ठरलेल्या तारखेला सॅम्पल काढून तपासणं) आहे, तारीख चुकली की वेगळी कागदपत्रं, हे मला माहितेय, मी पण त्या खुर्चीत बसलेय. पण क्रम चुकला.

बघा, तुमच्या लॅबमध्ये एका सिक्वेन्समागे तीन कॉम्प्युटर असतात. एक, जिथे तुम्ही बसून टाइप करता. दुसरा, इन्स्ट्रुमेंटच्या बाजूचा, जो पंपाला, ऑटोसॅम्पलरला, डिटेक्टरला प्रत्यक्ष सूचना देतो आणि सिग्नल गोळा करतो, त्याला इन्स्ट्रुमेंट कंट्रोलर म्हणतात. आणि तिसरा सर्व्हर, बहुतेक दुसऱ्या बिल्डिंगमध्ये, वेगळ्या यूपीएसवर, जिथे डेटा व्हॉल्ट, म्हणजे सगळा डेटा साठवायची जागा असते. पहिला बंद पडला तरी रन चालूच राहतो, तुम्ही घरी गेलात तरी रन चालतो तसंच. पण दुसरा गेला की गोष्ट वेगळी होते, कारण सिक्वेन्स त्याने धरलेली असते. सर्व्हर जिवंत आहे, त्याच्या वहीत लिहिलंय की अमुक कंट्रोलर अमुक सिक्वेन्स चालवतोय, आणि तो कंट्रोलर मध्येच गप्प झालाय, "मी थांबलो" हे सांगायला तो राहिलाच नाही. मग सर्व्हरने काय करावं? तो सिक्वेन्स दुसऱ्या कोणाच्या हातात देत नाही. तुम्हाला १८ वं इंजेक्शन रनिंग दिसत होतं ते यामुळे.

म्हणजे पहिलं काम होतं बाजूचा पीसी नीट उभा करणं. आधी इन्स्ट्रुमेंटची मॉड्यूल्स ऑन करायची, ऑटोसॅम्पलरचं इनिशियलायझेशन पूर्ण होऊ द्यायचं (सुई व्हायलमध्ये अडकून बसली असेल तर ट्रे हाताने ओढू नका, सुई वाकते, सीट खराब होते, मग लॉकपेक्षा मोठं दुखणं), मग पीसी, मग त्यावरची क्रोमेलिऑनची सर्व्हिस चालू झालीय का ते बघायचं, इन्स्ट्रुमेंट कनेक्ट झालं का ते बघायचं आणि मग पाच-दहा मिनिटं थांबायचं, फक्त थांबायचं. क्रोमेलिऑन ७ मध्ये सर्व्हरशी संपर्क तुटला तर डेटा कंट्रोलरवर लोकल साठवून ठेवायची आणि संपर्क आल्यावर वर पाठवायची सोय आहे. लाइट जाताना नेटवर्कचा स्विच आधी गेला असेल आणि पीसी मिनिटभर नंतर, तर शेवटचा काही डेटा अजून त्या पीसीवरच असू शकतो. तो वर गेला, १८ वं इंजेक्शन रनिंगवरून इंटरप्टेड झालं, की बहुतेक वेळा लॉक आपोआप सुटतं आणि पुढच्या न झालेल्या ओळी परत एडिट करता येतात.

हे मी एवढं ताणून का सांगतेय त्याला कारण आहे. वाळूजला मी ज्या लॅबमध्ये होते तिथे अशाच एका रात्री आमच्यातल्या एकाने अडकलेली सिक्वेन्स सोडवायला बाजूच्या पीसीवर टास्क मॅनेजर उघडून प्रोसेस बंद केली आणि तात्पुरत्या फोल्डरमधल्या फाइली साफ केल्या. लॉक सुटलं. पण चार इंजेक्शनांचा रॉ डेटा तिथेच होता, वर गेलाच नव्हता, तो गेला तो गेलाच. त्या चार इंजेक्शनांचं उत्तर द्यायला आम्हाला जो त्रास झाला तो मी विसरलेली नाही, आणि तो मुलगा खोटं वागलेला नव्हता, त्याला फक्त रन पुढे न्यायचा होता.

आता समजा सगळं चालू केलं, दहा मिनिटं थांबलात आणि तरी लॉक आहे. मग शोधायचं की कोणी धरलीय. सिक्वेन्स अजून इन्स्ट्रुमेंटच्या क्यूमध्ये (रांगेत) आहे का? असेल तर क्यू थांबवून ती तिथून काढा. दुसऱ्या कोणाच्या पीसीवर उघडी आहे का, कोणी लॉगआउट न करता घरी गेलंय का? कोणी मुद्दाम लॉक केलीय का, कारण क्रोमेलिऑनमध्ये ज्याला अधिकार आहे तो सिक्वेन्स हाताने लॉक करू शकतो. सही झालीय का, सबमिट, रिव्ह्यू, अप्रूव्ह यातली कुठलीही? आणि शेवटचं म्हणजे तुमच्या लॉगिनला एडिटचा अधिकार तरी आहे का, कधी कधी लॉक बिक काही नसतं, नवीन प्रोजेक्टच्या फोल्डरवर तुमच्या ग्रुपला फक्त वाचायचा अधिकार दिलेला असतो आणि आपण तासभर लॉकला शिव्या घालत बसतो. यातलं काहीच नसेल तर मेलेल्या सेशनचं लॉक सर्व्हरवर राहून गेलंय असं समजा आणि सीडीएस (क्रोमॅटोग्राफीचं सॉफ्टवेअर) सांभाळणाऱ्या अॅडमिनला फोन करा. रात्री साडेतीनला पण. त्याने कारण लिहून ते काढायचं, तुम्ही लॉगबुकमध्ये वेळ लिहायची.

सेव्ह अॅजबद्दल. नवीन सिक्वेन्स करणं हे पाप नाही, कित्येक लॅबच्या एसओपीमध्ये (लेखी कार्यपद्धतीत) तशी परवानगी असते. पण आधी जुनीचं काय झालं ते कळलं पाहिजे, अर्धवट १८ वं इंजेक्शन आहे तसं राहिलं पाहिजे, डेव्हिएशन (ठरल्यापेक्षा वेगळं घडल्याची नोंद) किंवा तुमच्याकडे जो काही इन्सिडंटचा फॉर्म असेल तो उघडला पाहिजे आणि दोन्ही सिक्वेन्समध्ये एकमेकींचा उल्लेख पाहिजे. नाहीतर सहा महिन्यांनी इन्स्पेक्टरला काय दिसतं? एक सिक्वेन्स मध्येच तुटलेली, दुसरी त्याच सॅम्पलची, त्याच रात्रीची, स्वच्छ, आणि दोन्हींना जोडणारा कागद नाही. तो विचारणारच की पहिला निकाल आवडला नाही म्हणून परत मारलं का. अमेरिकेच्या २१ सीएफआर २११.१९४ या नियमामध्ये लॅबच्या नोंदींत सगळ्या चाचण्यांचा संपूर्ण डेटा हवा असं स्पष्ट आहे, आणि संपूर्ण म्हणजे तुटलेलं १८ वं इंजेक्शनसुद्धा.

आणि सॉफ्टवेअर सुटलं म्हणजे काम झालं असं नाही, खरं काम तर तिथून सुरू होतं, आणि याबद्दल कोणी विचारत नाही म्हणून मीच सांगते. कॉलममधून (घटक वेगळे करणाऱ्या नळीतून) फ्लो किती वेळ बंद होता? बफर होता का? फॉस्फेट बफर कॉलममध्ये उभा असताना घाईत थेट १०० टक्के अॅसिटोनायट्राइल सोडलं तर मीठ आतच साचतं, प्रेशर वाढतं आणि कॉलम गेला. आधी पाणी जास्त असलेलं मिश्रण कमी फ्लोने सोडा, मग मोबाइल फेजवर या. १५० बाय ४.६ मिलिमीटरच्या कॉलममध्ये मोकळी जागा साधारण दीड मिली असते, तर दहा कॉलम व्हॉल्यूम म्हणजे १ मिली प्रति मिनिट फ्लोला पंधरा-सोळा मिनिटं, आणि २५० मिलिमीटरचा असेल तर पंचवीस-सत्तावीस मिनिटं. निदान एवढं इक्विलिब्रेशन (कॉलम स्थिरावायला वेळ) द्याच, आणि ग्रेडियंट असेल किंवा आयन-पेअर असेल तर बेसलाइन सपाट होईपर्यंत. डिटेक्टरचा दिवा नुकताच लागलाय, तो पण गरम व्हायला वेळ घेतो.

मग व्हायल. ट्रेचा कूलर बंद होता, किती वेळ, किती तापमानाला गेला? ज्या व्हायलचा सेप्टम टोचला गेलाय तिथून सॉल्व्हंट उडतो, म्हणून १८ ची व्हायल परत मारायच्या आधी विचार करा. मेथड व्हॅलिडेशन रिपोर्टमध्ये सोल्युशन स्टॅबिलिटी किती तास आणि किती डिग्रीला सिद्ध केलीय ते काढून वाचा, अंदाजाने चालणार नाही.

त्यानंतर सिस्टीम सुटेबिलिटी (यंत्रणा चाचणीला योग्य आहे का ते तपासणं) नव्याने. यूएसपीच्या (अमेरिकेच्या औषध-मानकांच्या) ६२१ प्रकरणात आरएसडीची (परत परत मारलेल्या इंजेक्शनांतल्या फरकाची) मर्यादा २.० टक्के किंवा त्याहून कमी असेल तर स्टँडर्डची पाच इंजेक्शनं, त्याहून जास्त असेल तर सहा, असं आहे, मोनोग्राफमध्ये (त्या औषधाच्या मानकात) वेगळं दिलं नसेल तर. आणि एक गोष्ट जी माझ्या मते सगळ्यात जास्त वेळा सुटते ती म्हणजे झालेली १७ इंजेक्शनं सगळी हाताशी आलीत असं धरून चालणं. ब्रॅकेटिंग स्टँडर्ड (सॅम्पलच्या आधी आणि नंतर मारायचं माहीत प्रमाणाचं द्रावण) कितवं होतं? समजा १३ व्या ओळीला होतं आणि ते पास झालं, तर तिथपर्यंतची सॅम्पल दोन स्टँडर्डच्या मध्ये सुरक्षित आहेत, पण १४ ते १७ च्या पुढे बंद करणारं स्टँडर्ड झालंच नाही. आलेखातले पीक सुंदर दिसत असले तरी त्या चार ओळींच्या मागे सिस्टीम ठीक होती याचा पुरावा नाही. त्या तुमच्या एसओपीप्रमाणे परत घ्याव्या लागतील, आणि जुना डेटा न मिटवता.

एम्पॉवर हे दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी पण हे वाचावं, फक्त शब्द बदला. तिथे सिक्वेन्सला सॅम्पल सेट म्हणतात, बाजूच्या पीसीच्या जागी बऱ्याच लॅबमध्ये लॅक-ई नावाचा डबा असतो, आणि सर्व्हर तुटला तर तो सुद्धा डेटा बफर करून ठेवतो. म्हणून तो डबा घाईत रीस्टार्ट करू नका. केमस्टेशन सॉफ्टवेअरवाल्यांकडे पार्शल सिक्वेन्स नावाची सोय आहे, त्यात सिक्वेन्समधल्या निवडक ओळीच चालवता येतात. ती सोय अशाच वेळेसाठी आहे, पण का वापरली ते लिहून ठेवा.

प्रश्न : मॅडम, अल्टिमेट ३००० एचपीएलसी आहे आमच्याकडे. रन चालू झाल्यावर लक्षात आलं की दोन सॅम्पलच्या पोझिशन उलट्या टाकल्यात, एक जीए४ ला आहे आणि सिक्वेन्समध्ये बीए४ लिहिलंय, दुसऱ्याचं बरोबर उलटं. बदलायला गेले तर एक ओळ लॉक, एक बदलता येते. आता एक बदलू का? (अंबरनाथ)

उत्तर : लगेच नको, दोन मिनिटं थांबा. जी लॉक आहे ती ओळ इंजेक्ट झालीय किंवा आत्ता होतेय, म्हणून सॉफ्टवेअर ती बदलू देत नाही, कारण सुई ज्या व्हायलमध्ये गेली ती गेली, नंतर कागदावर पोझिशन बदलून ती दुसऱ्या व्हायलमध्ये गेली असं होत नाही. दुसरी ओळ अजून व्हायचीय, ती बदलायला हरकत नाही, पण एकटीने बदलू नका, शिफ्टमधल्या दुसऱ्या केमिस्टला ट्रेजवळ उभं करा, व्हायलवरचं लेबल त्याला वाचू द्या, मग बदला, कारण लिहा. आणि रन थांबवून व्हायलची अदलाबदल तर अजिबात करू नका, त्याची नोंद कुठेच राहत नाही.

झालेलं इंजेक्शन तसंच राहू दे. शेवटच्या ब्रॅकेटिंग स्टँडर्डच्या आधी नवीन ओळ टाका, बरोबर पोझिशनने, रिमार्कमध्ये अमुक ओळीच्या ऐवजी असं लिहा, आणि क्यूएला (गुणवत्ता हमी विभागाला) कळवा. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये चालू सिक्वेन्सला न झालेल्या भागात ओळी वाढवता येतात, एम्पॉवरमध्ये त्यासाठी चालू सॅम्पल सेट आल्टर करायचा पर्याय आहे. रन संपल्यावर सॅम्पलचं नाव, वजन, बॅच नंबर यातली टाइप करतानाची चूक कारण देऊन सुधारता येते, जुनी नोंद ऑडिट ट्रेलमध्ये (बदलांच्या आपोआप होणाऱ्या नोंदीत) राहते, ती सुधारणा खरी असेल आणि वजनाच्या प्रिंटआउटशी जुळत असेल तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पोझिशनचं तसं नाही.

तुमच्या ऑटोसॅम्पलरमध्ये लाल, हिरवा, निळा असे तीन भाग असतात, आर, जी, बी त्यावरूनच आलंय. जी आणि बी ची गल्लत फार होते. अलायन्स नावाच्या एचपीएलसीमध्ये पाच गोल ट्रे, प्रत्येकी २४, म्हणजे १ ते १२० सरळ आकडे, तिथे वेगळी चूक होते, ट्रेच चुकीच्या जागी बसवला जातो आणि सगळेच्या सगळे २४ आकडे सरकतात. माझी सवय सांगते, सिक्वेन्स प्रिंट काढायची, ट्रे आत ठेवायच्या आधी एकाने प्रिंट वाचायची आणि दुसऱ्याने व्हायलवर बोट ठेवायचं. तीन मिनिटं लागतात.

प्रश्न : नमस्कार. वेर्णा इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये क्यूसी मॅनेजर आहे. रात्री लॉक झालं की अॅडमिन मिळत नाही, सकाळपर्यंत चार-पाच सिस्टीम उभ्या राहतात. मी शिफ्ट इनचार्जना अनलॉकचा अधिकार देऊन टाकायचा विचार करतोय. क्यूए नको म्हणते. तुमचं मत?

उत्तर : क्यूएचं बरोबर आहे, पण तुमची अडचण पण खरी आहे आणि क्यूएने नुसतं नको म्हणून सुटका करून घेऊ नये.

अधिकार का द्यायचा नाही ते आधी. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने डिसेंबर २०१८ मध्ये डेटा इंटेग्रिटीवर प्रश्नोत्तरांच्या रूपात जे मार्गदर्शन काढलं त्यात सिस्टीम अॅडमिनिस्ट्रेटरची भूमिका, म्हणजे फाइल किंवा सेटिंग बदलायचे अधिकार, ज्यांच्यावर त्या नोंदींच्या मजकुराची जबाबदारी आहे त्यांच्यापासून स्वतंत्र व्यक्तीकडे द्यावी असं सुचवलंय. शिफ्ट इनचार्ज स्वतः रिझल्टवर सही करतो, त्याच्यावर टार्गेट असतं, रात्री दोन वाजता त्याच्या हातात सगळी कुलपं देणं हे त्याच्यावरही अन्याय करणारं आहे, उद्या काही झालं तर बोट त्याच्याकडेच जाणार. २००५ मध्ये न्यू जर्सीतल्या एबल लॅबोरेटरीजचं प्रकरण बाहेर आलं, नापास निकाल पास दाखवायला क्रोमॅटोग्राम आणि सॅम्पलची वजनं बदललेली सापडली, कंपनीने आपली औषधं बाजारातून परत बोलावली आणि कंपनीच राहिली नाही, माजी कर्मचाऱ्यांनी पुढे कोर्टात गुन्हा कबूल केला. आज इन्स्पेक्टर येऊन पहिल्यांदा ऑडिट ट्रेल आणि युजर प्रिव्हिलेजची यादी मागतात त्यामागे अशी प्रकरणं आहेत. आपल्याकडेही डिसेंबर २०२३ च्या सुधारित शेड्यूल एम मध्ये (औषधनिर्मितीच्या नियमांत) कॉम्प्युटराइज्ड सिस्टीमचा विषय आलाय, तेव्हा हे फक्त एक्स्पोर्टवाल्यांचं आहे असं आता म्हणता येत नाही.

मग रात्रीचं काय? रात्रीसाठी ऑन-कॉल सीडीएस अॅडमिन नेमा, आयटीतला किंवा क्यूएतला, ज्याची रिझल्टवर सही नसते असा, आणि त्याला घरून सुरक्षितपणे जोडता येईल अशी सोय करा, सोय व्हॅलिडेट करून घ्या. त्याचा नंबर प्रत्येक इन्स्ट्रुमेंटजवळ लावा. फोन आल्यावर त्याने काय विचारायचं ते एका पानावर लिहून ठेवा, सिक्वेन्स क्यूमध्ये आहे का, कंट्रोलर चालू आहे का, लोकल डेटा वर गेला का, सही आहे का. ही चार उत्तरं मिळाल्याशिवाय त्याने लॉक काढायचं नाही. प्रत्येक अनलॉकची नोंद आणि आठवड्याला ती यादी क्यूएने ऑडिट ट्रेलशी ताडून बघायची. आणि दोन-तीन महिन्यांनी तीच यादी तुम्ही स्वतः नीट वाचा, कारण त्यात तुम्हाला कळेल की तुमची निम्मी लॉकं एकाच इन्स्ट्रुमेंटची आहेत, तिथला नेटवर्कचा पॉइंट सैल आहे किंवा विंडोज अपडेट होऊन पीसी मध्यरात्री आपोआप रीस्टार्ट होतोय किंवा पॉवर सेव्हिंगमुळे नेटवर्क कार्ड झोपतंय. मला विचाराल तर चार सिस्टीम उभ्या राहण्याचं कारण अॅडमिन न मिळणं हे नसतं, हे असतं. शिफ्ट इनचार्जना अनलॉक देण्याआधी पॉवर सेव्हिंग बंद करा आणि यूपीएसच्या बॅटऱ्या बदला.

प्रश्न : अप्रूव्ह झालेल्या सिक्वेन्समध्ये एका पीकचं इंटिग्रेशन (क्षेत्रफळ मोजणं) चुकलंय हे नंतर दिसलं. सिक्वेन्स लॉक आहे. डेटा कॉपी करून नवीन सिक्वेन्समध्ये प्रोसेस केला तर चालेल का?

उत्तर : नाही. सही झालीय म्हणून लॉक आहे, तर ज्यांनी सही केली त्यांना सांगा. चूक काय आहे ते लिहून, क्यूएच्या संमतीने, सही मागे घ्यायची, तिथेच परत प्रोसेस करायचं, परत रिव्ह्यू, परत अप्रूव्हल. आधीची सही आणि आधीचा निकाल इतिहासात राहतो आणि तो राहायलाच हवा, १९९७ च्या पार्ट ११ मध्ये (इलेक्ट्रॉनिक नोंदींच्या अमेरिकी नियमात) बदल करताना आधीची नोंद झाकली जाऊ नये असं म्हटलंय. बाजूला कॉपी करून प्रोसेस केलं की अप्रूव्ह झालेला चुकीचा निकाल तसाच उभा राहतो आणि बॅचच्या रिपोर्टमध्ये कुठला गेला हे कोणाला कळत नाही. एम्पॉवरमध्ये अख्खा प्रोजेक्ट लॉक करता येतो, तिथेही हेच.

प्रश्न : मॅडम, सिक्वेन्स क्यूमध्ये टाकली, लॉक नाही, एरर नाही, पण पुढे सरकतच नाही. (सातपूर, नाशिक)

उत्तर : कुठलं तरी मॉड्यूल तयार नाहीये. अजिलंटचं असेल तर सॉफ्टवेअरमधला रंग बघा, हिरवा म्हणजे तयार, पिवळा म्हणजे अजून तयार नाही, लाल म्हणजे बिघाड. पिवळा असेल तर बहुतेक कॉलम ओव्हन ४० डिग्रीला पोचलेलं नसतं किंवा डिटेक्टरचा दिवा बंद असतो, आणि उन्हाळ्यात लॅबचा एसी बंद पडला तर ट्रेचं कूलिंग सेट पॉइंटला पोचतच नाही, सिक्वेन्स बिचारी वाट बघत बसते.

प्रश्न : ताई, मी पुण्यात पीएचडी करतेय. आमच्या डिपार्टमेंटमध्ये जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफ) एकच आहे आणि आम्ही सहा जण. सगळे एकाच लॉगिनने काम करतो. माझी सिक्वेन्स उघडली की फक्त वाचता येईल असा मेसेज येतो, कोणी उघडून ठेवलीय ते कळत नाही कारण नाव सगळ्यांचं एकच. मागच्या आठवड्यात कोणीतरी माझ्या सिक्वेन्सवर सेव्ह करून टाकलं आणि माझे हेडस्पेसचे (व्हायल तापवून वरची वाफ मारायच्या पद्धतीचे) टायमिंग बदलले. गाईड म्हणतात आपल्याला काही फार्मासारखे नियम नाहीत. मी काय करू?

उत्तर : तुझं पत्र वाचून वाईट वाटलं गं, कारण यात तुझे आठवडे जातात आणि कोणाकडे बोट दाखवता येत नाही. गाईडचं एका अर्थी खरं आहे, विद्यापीठाच्या लॅबला पार्ट ११ लागू होत नाही. पण तू पेपर लिहिशील, रिव्ह्यूअर विचारेल की ही रन कोणत्या कंडिशनला झाली, आणि तुझ्याकडे उत्तर नसेल, कारण फाइलमध्ये सहा जणांचं मिळून एकच नाव आहे.

आत्ता लगेचचं काम म्हणजे जीसीजवळच्या पीसीवर आणि प्रोसेसिंगसाठी वापरता त्या पीसीवर दोन्हीकडे बघ, सॉफ्टवेअर मिनिमाइझ करून कोणी गेलंय का. बहुतेक वेळा तेच असतं. ते उघडं आहे म्हणून बंद करून टाकू नकोस, ग्रुपवर विचार, काही सेव्ह करायचं राहिलंय का, मग बंद कर. सिक्वेन्स कोणाकडेच उघडी नाही आणि तरी मेसेज येतोय तर आधीचं सेशन मध्येच क्रॅश झालं असणार, रन चालू नाही याची खात्री करून सॉफ्टवेअर नीट बंद कर, पीसी रीस्टार्ट कर. डेटा फोल्डरमधल्या लहानसहान फाइली अंदाजाने डिलीट करून लॉक सुटतं असं कोणी सांगेल, ते करू नकोस, कुठली लॉकची आणि कुठली डेटाची हे बाहेरून ओळखता येत नाही.

मग डिपार्टमेंटमध्ये मागणी कर की प्रत्येकाला वेगळं लॉगिन द्या. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आधीच असते, फक्त कोणी चालू केलेली नसते, आणि कंपनीचा सर्व्हिस इंजिनियर मेंटेनन्सला येतो तेव्हा त्याला सांगितलं तर तो तेवढं करून देतो. ते होईपर्यंत प्रत्येकाचा वेगळा फोल्डर, मूळ मेथड रीड ओन्ली, सिक्वेन्सच्या नावात तारीख आणि तुझी अद्याक्षरं, आणि जीसीजवळ एक साधी वही, कोण बसलं, किती वाजता, कुठली सिक्वेन्स, कुठला कॉलम, उठताना सॉफ्टवेअर बंद केलं का.

तुझ्या बदललेल्या हेडस्पेस टायमिंगचं मात्र आजच बघ. प्रत्येक डेटा फाइलसोबत त्या रनच्या वेळी वापरलेली मेथड बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये साठवलेली असते, ती उघड, इक्विलिब्रेशनचा वेळ आणि व्हायलचं तापमान दोन्ही तपास, आणि ज्या रन बदललेल्या टायमिंगने झाल्यात त्यांची यादी गाईडना मेल कर. ती सॅम्पल शिल्लक असतील तर परत लाव.